हुंड्यात गेलेल्या शहरात सार्वभौमत्व शिकवताना

आमच्या ब्रँचमध्ये एक काका येतात, सत्तरी पार केलेले, दर सोमवारी पासबुक भरून घ्यायला. मोबाइलवर सगळं दिसतं हे त्यांना माहितीये पण कागदावर उमटल्याशिवाय पैसा आहे असं त्यांना वाटत नाही, असो, मलाही कधीकधी वाटत नाही. तर त्यांनी काही वर्षांपूर्वी सॉव्हरिन गोल्ड बाँड घेऊन ठेवलेत आणि परवा एकदम विचारलं, "मॅडम, ते सॉव्हरिन म्हणजे नक्की काय हो, परदेशी असतं का?"

मी म्हटलं नाही काका, सॉव्हरिन म्हणजे सार्वभौम, म्हणजे हे भारत सरकारने तुमच्याकडून घेतलेलं कर्ज आहे, सोन्याच्या भावाने परत मिळणार, वर अडीच टक्के व्याज. काका म्हणाले ते कळलं, पण सरकारने नाहीच दिले तर? मी म्हटलं सरकार बुडत नाही. "ते ठीक आहे हो, पण नाहीच दिले तर कोणाकडे जायचं?" मागे लाइन वाढत होती, मशीन नेहमीप्रमाणे पासबुक खात होतं, मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला कारण सार्वभौमत्वाची व्याख्याच ती आहे ना, ज्याच्या वर तक्रार करायला कोणीच नाही तो सार्वभौम.

आणि योगायोग बघा, त्याच रात्री ताईच्या मुलीचा व्हॉइस मेसेज. ती एफवायबीएला आहे, पॉलिटिक्स घेतलंय, आणि मी कधीकाळी कालिन्याला, मुंबई विद्यापीठात, त्यात एमए केलंय म्हटल्यावर घरची हेल्पलाइन मीच. "मावशी, राज्याची चार अंगं, लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व. मग पहिली तीन तर महाराष्ट्राकडे पण आहेत की. मग महाराष्ट्र राज्य आहे की नाहीये? आणि नसेल तर आपण त्याला राज्य का म्हणतो?"

चांगला प्रश्न आहे आणि अर्धा दोष आपल्या भाषेचा. आपण भारतालाही राज्य म्हणतो, महाराष्ट्रालाही राज्य म्हणतो आणि रामाचंही राज्यच. म्हणून पुस्तकवाले एकाला राज्यसंस्था आणि दुसऱ्याला घटकराज्य म्हणतात, परीक्षेपुरतं ते बास आहे. पण मग तिने गाइडमधली लिस्ट वाचून दाखवली, सार्वभौमत्वाची वैशिष्ट्यं: निरंकुशता, सर्वव्यापकता, शाश्वतता, अविभाज्यता, अदेयता. अदेयता म्हणजे सार्वभौमत्व कोणाला देऊन टाकता येत नाही. इथे मला हसूच आलं, कारण मी दिवसभर जिथे बसते त्या मुंबईतल्या फोर्टची, म्हणजे या अख्ख्या शहराचीच, कहाणी देण्याघेण्याची आहे.

आता ही कहाणी आपल्याला शाळेत एका ओळीत सांगून टाकतात, "मुंबई पोर्तुगीजांनी इंग्रजांना आंदण दिली", आणि पुढे जातात. जरा थांबून बघा ना काय झालं ते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात ही बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली, कारण तिकडे हुमायून मागे लागलेला. मग १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांचं लग्न ठरलं आणि हुंड्याच्या यादीत मुंबई, आफ्रिकेतलं टँजियर आणि वर रोख रक्कम. इथले कोळी, भंडारी, आगरी, कोणालाही कोणी विचारलं नाही, पण त्या काळात विचारायची पद्धतच नव्हती, जमीन राजाची आणि जमिनीवरची माणसं जमिनीसोबत. गंमत म्हणजे ताबा घ्यायला इंग्रजांची जहाजं आली तर गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय देईचना, कागदपत्रं बरोबर नाहीत वगैरे. इंग्रजांचा अब्राहम शिपमन आपली माणसं घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत राहिला आणि तिथेच मेला, त्याची बहुतेक माणसंही आजारपणात गेली. शेवटी १६६५ मध्ये हम्फ्री कुकने ताबा घेतला आणि लगेच भांडण, माहीम मुंबईत येतं की नाही? पोर्तुगीज म्हणाले नाही, फक्त मुंबई बेट दिलंय. कुकने माहीमही घेतलंच. (माझी सासरची मंडळी माहीमची, त्यांच्या मते मुंबई माहीममध्ये येते, तो वेगळा विषय.)

पण खरा कळस पुढे आहे. राजाला हे बेट परवडेना, म्हणून १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, वर्षाला दहा पौंड भाड्याने. दहा पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. आणि सनदेत लिहिलंय की हे बेट लंडनजवळच्या ईस्ट ग्रीनिच जहागिरीतली जमीन असल्यासारखं धरलं जाईल. म्हणजे कायद्याच्या हिशोबात आपण सगळे ईस्ट ग्रीनिचकर! सोबत कंपनीला कायदे करायचा, कोर्ट चालवायचा, सैन्य ठेवायचा अधिकार. एक दुकानदार कंपनी, शेअरहोल्डरवाली, आणि तिच्या हातात फाशी देण्याचा अधिकार. मग सार्वभौम कोण, राजा की कंपनी? दोघंही थोडे थोडे. अविभाज्यता गेली, अदेयता गेली, गाइडची दोन वैशिष्ट्यं एका भाडेकरारात संपली.

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी नेमकं हेच ओळखलेलं. बाकीचे सावकार म्हणजे नुसते सावकार, पण या टोपीकरांच्या, म्हणजे युरोपियनांच्या, पाठीमागे त्यांचे राजे आहेत, राजांच्या हुकमाने ते व्यापाराला येतात आणि राजांना जमिनीचा लोभ नाही असं कुठे असतं, म्हणून यांना समुद्रकाठी जागा देऊ नका, असा त्याचा मतलब. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे लिहून ठेवलंय. मला कालिन्याला दोन वर्षांत इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं, तिथे आम्ही जॉन ऑस्टिन या इंग्रज कायदेपंडिताच्या सार्वभौमत्वाच्या व्याख्येतला एकेक शब्द सोलत बसायचो.

आता उलटं उदाहरण घ्या. जमीन आहे, किल्ले आहेत, सैन्य आहे, वसूल येतोय, लोक मानतात, आणि तरी कागदावर तुम्ही कोणाचे तरी सरदारपुत्र किंवा बंडखोर. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक हा आपल्याकडे इतका मिरवणुकीचा विषय झालाय की त्यातला राज्यशास्त्राचा भाग कोणी बघतच नाही. महाराजांकडे सत्ता आधीच होती, राज्याभिषेकाने सत्ता नाही वाढली, दर्जा बदलला. स्वतःचा शक सुरू, स्वतःचं नाणं, होन आणि शिवराई. आणि त्या सोहळ्याला मुंबईहून कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर, तहाची कलमं घेऊन. (दहा पौंडांच्या भाडेकरूचा वकील रायगडावर, हे मला फार आवडतं.) त्यातलं एक कलम होतं की किनाऱ्याला लागून फुटलेली इंग्रजांची जहाजं परत मिळावीत, ते महाराजांनी मान्य केलं नाही. कोकण किनाऱ्याचा रिवाज वेगळा होता आणि तो चालवायचा की मोडायचा हे ठरवणारा आता स्वतः तिथे बसलेला होता. बाकी बरीचशी कलमं मान्य केली, मित्रत्व केलं. म्हणजे नाही म्हणता येणं हा त्यातला खरा भाग.

हे सगळं भाचीला सांगत होते तर ती म्हणाली, मावशी हे सगळं छान आहे पण बोदाँ सांग, पाच मार्कांना येतो. बरं. झाँ बोदाँ, फ्रेंच, १५७६ मध्ये त्याचा ग्रंथ आला, कॅथलिक-प्रोटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते तेव्हा त्याला वाटलं की कोणीतरी एक शेवटचा शब्द बोलणारा पाहिजे, नाहीतर हे संपणार नाही. कायदा करणं, युद्ध आणि तह, मोठे अधिकारी नेमणं, शेवटचं अपील ऐकणं, नाणं पाडणं ही त्याने सार्वभौमाची लक्षणं सांगितली. रायगडावर लावून बघा, एकेक जुळतं. इथवर सगळे शिकवतात. पण त्याच १५७६ मध्ये ब्लोआला फ्रान्सच्या राजाने सभा बोलावली, राजाला पैसे हवे होते आणि त्यासाठी राजगादीच्या मालकीच्या जमिनी विकायच्या होत्या, आणि तिथे विरोधाला उभा राहिला कोण, तर हाच बोदाँ. जो राजाला निरंकुश म्हणतो तोच म्हणतो की ही जमीन तुझी खासगी नाही, तू ती वापर पण विकू नकोस. राजाची मर्जी गेली त्याच्यावरून. म्हणजे अदेयता ही गाइडमधली कोरडी ओळ नाहीये, एका माणसाने राजासमोर उभं राहून घेतलेली हरकत आहे ती. आणि पंच्याऐंशी वर्षांनी मुंबई हुंड्यात गेलीच, ते सोडा.

हॉब्ज हा इंग्रज विचारवंत, १६५१, इंग्लंडचं यादवी युद्ध, भीतीपोटी करार, हे तिला पाठ होतं. वेस्टफालियाचा तह १६४८ पण पाठ, त्याने आधुनिक राज्यं जन्माला आली असं एका वाक्यात लिहिलेलं, मी म्हटलं लिही, पण मनात ठेव की तीस वर्षांच्या लढाईने थकलेल्या लोकांनी दोन गावांत बसून केलेले ते तह आहेत, त्या दिवशी सकाळी उठून कोणी म्हणालं नाही की चला आजपासून आपण सार्वभौम.

एक गोष्ट मात्र मी तिला मुद्दाम सांगितली, आपल्या शब्दाची. सार्वभौम म्हणजे सर्व भूमीचा स्वामी, चक्रवर्ती, ज्याचा घोडा कोणी अडवत नाही तो. आणि आज आपण हा शब्द वापरतो नेमक्या उलट्या अर्थाने, म्हणजे माझ्या कुंपणाच्या आत मी, तुझ्या कुंपणाच्या आत तू. युनोच्या सनदेत सगळी राज्यं सार्वभौम आणि समान. सगळ्या पृथ्वीचे स्वामी आणि तेही दोनशेच्या आसपास! शिवाय कौटिल्याची सप्तांगं बघा, स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि सातवं मित्र. मित्र हे राज्याचं अंग! म्हणजे बाहेरचा कोणीतरी असल्याशिवाय राज्य पुरं होत नाही हे त्याला माहीत होतं. आपल्याकडे १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारातली चार लक्षणं शिकवतात, त्यातलं चौथं खरं तर दुसऱ्या राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता असं आहे, पण गाइडमध्ये ते सरळ सार्वभौमत्व होऊन बसतं.

भारताचं तर आणखीनच मजेशीर. युनोचा संस्थापक सदस्य भारत १९४५ ला, स्वातंत्र्य १९४७ ला. त्याच्याआधी व्हर्सायच्या तहावरही भारताची सही आहे, १९१९. म्हणजे बाहेरून देश, आतून वसाहत. १५ ऑगस्टनंतरही अडीच वर्षं आपण डोमिनियन, म्हणजे कारभार आपला पण राजा ब्रिटनचाच, नाण्यांवर सहावा जॉर्ज, आणि शेवटची ब्रिटिश तुकडी गेटवेमधून गेली ती २८ फेब्रुवारी १९४८ ला. रविवारी तिथे मांडव्याच्या बोटीसाठी उभं असताना मी कितीदा विचार केलाय की नेमकी कुठली तारीख धरायची. मग २६ जानेवारी १९५०, सार्वभौम गणराज्य. उद्देशिकेचं शेवटचं वाक्य शाळेत आम्ही घडाघडा म्हणायचो, "अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत". स्वतःप्रत अर्पण! देणारा तोच आणि घेणाराही तोच. तेव्हा फक्त लांबलचक वाटायचं ते.

आता भाचीचा मूळ प्रश्न, महाराष्ट्र राज्य आहे की नाही. याचं उत्तर मला १९६० या एका वर्षात सापडतं. त्या वर्षी दोन सीमा बदलायच्या होत्या. एक पश्चिम बंगालात, जलपायगुडीतलं बेरुबारी नावाचं छोटंसं युनियन, म्हणजे गावांचा एक गट, नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोझखान नून यांनी १९५८ मध्ये ठरवलं की निम्मं पाकिस्तानला द्यायचं. प्रकरण सुप्रीम कोर्टाकडे गेलं आणि मार्च १९६० मध्ये कोर्टाने सांगितलं की भारताची जमीन दुसऱ्या देशाला द्यायची तर साध्या कायद्याने जमणार नाही, घटनादुरुस्ती पाहिजे. पंतप्रधानाने सही केली म्हणून गाव देता येत नाही. बोदाँ खूश झाला असता. आणि त्याच वर्षी १ मे ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले, महाराष्ट्र आणि गुजरात, अख्खी मुंबई, कोट्यवधी माणसं, आणि त्याला काय लागलं, तर संसदेचा एक साधा कायदा. घटनेचं कलम ३, राज्याचं मत विचारायचं, मानायचंच असं नाही. एवढुशा बेरुबारीला घटनादुरुस्ती आणि महाराष्ट्राला साधं बहुमत. यालाच म्हणतात एक सार्वभौम आणि दुसरं घटकराज्य. असं तिला सांगितलं, ती म्हणाली ओह, ओके.

पण मी तिथेच थांबले असते तर खोटं बोलल्यासारखं झालं असतं. कारण माझ्या ब्रँचपासून चालत पाच-सात मिनिटांवर हुतात्मा चौक आहे. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करायचं ठरत होतं, कायद्याने संसदेला ते करता आलं असतं, कोणीही अडवू शकलं नसतं. झालं नाही. का झालं नाही ते त्या चौकातल्या दगडावर आहे, १०६ माणसं. ऑस्टिन म्हणतो लोकांना ज्याची आज्ञा पाळायची सवय असते तो सार्वभौम, बरोबर, पण ती सवय मोडली की काय होतं ते फ्लोरा फाउंटनला दिसलं. ब्रिटिश घटनातज्ज्ञ डायसी याला कायदेशीर सार्वभौम आणि राजकीय सार्वभौम असे दोन शब्द वापरतो. माझे आजोबा गिरणीत होते, त्यांनी डायसीचं नाव ऐकलं नव्हतं, मोर्चाला मात्र गेले होते.

बेरुबारीचं पुढे काय झालं तेही सांगते कारण ते कोणी सांगत नाही. घटनादुरुस्ती झाली, नववी, १९६० मध्येच, पण गाव प्रत्यक्ष गेलंच नाही, कोर्टकचेऱ्या आणि विरोध चालू राहिला, तोवर पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला आणि १९७४ च्या करारात ते भारताकडेच राहिलं. त्या बदल्यात भारताने वेढलेल्या बांगलादेशच्या दहग्राम-आंगरपोताला जायला वाट द्यायची ठरली, तीन बिघा नावाची, १७८ मीटर लांब आणि ८५ मीटर रुंद, कायमच्या भाड्याने. भाडं किती, वर्षाला एक टका, तोही भारताने माफ केला. आणि करारात स्पष्ट लिहिलं की जमिनीवरचं सार्वभौमत्व भारताचंच. म्हणजे आपणही शेवटी भाड्याने दिलंच, फक्त दहा पौंडांच्या जागी एक टका, आणि या वेळी काय दिलं नाही ते नीट लिहून.

त्याच भागातले ते छिटमहाल, एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाचं गाव. दहला खागडाबाडी नावाचा तुकडा तर भारताचा, बांगलादेशाच्या गावाने वेढलेला, ते गाव भारताच्या गावाने वेढलेलं, आणि ते सगळं बांगलादेशात. कांदा सोलल्यासारखं. तिथल्या माणसांना वर्षानुवर्षं ना धड रेशनकार्ड, ना वीज, ना पोलीस, कारण आपल्या देशाच्या ऑफिसात जायला दुसऱ्याची सीमा ओलांडावी लागायची. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली, भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१, त्यासाठी शंभरावी घटनादुरुस्ती. आणि या वेळी लोकांना विचारलं की तुम्हाला कुठलं नागरिक व्हायचंय. मला वाटतं १६६१ आणि २०१५ मधला सगळा फरक एवढाच आहे, आणि तो थोडा नाहीये.

सोन्याचं राहिलं. १९९१ ला मी चौथीत होते, बाबा पेपर वाचून दिवसभर गप्प होते एवढं आठवतं. देशाकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरलेले, आणि रिझर्व्ह बँकेतलं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण. आपल्याकडे घरातलं सोनं गहाण टाकणं म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको, आई तेव्हा म्हणाली होती की निदान विकलं तरी नाही. घटनेच्या कुठल्याही कलमाला धक्का लागला नाही, सार्वभौमत्व जागच्या जागी. फक्त पुढचं बजेट कसं असावं यावर नाणेनिधीचं मतही ऐकावं लागलं. अविभाज्य वगैरे ठीक आहे पण किराणावाल्याची उधारी असलेल्या माणसाच्या आवाजात जो फरक पडतो तो देशाच्याही पडतो.

भाचीने शेवटी विचारलं की मावशी यातलं पेपरात काय लिहू. मी म्हटलं गाइडमधली पाचही वैशिष्ट्यं लिही, बोदाँचं साल लिही, अदेयतेखाली बेरुबारी एक ओळ टाक, तपासणारे खूश होतील. मुंबईचे दहा पौंड लिहू नकोस, त्यांना वाटेल विषय सोडून लिहिलंय. तिने अंगठा पाठवला, आणि पाच मिनिटांनी परत मेसेज, "पण मग तेव्हा ते दहा पौंड खरंच भरायचे का दरवर्षी?"

आणि काकांना मी पुढच्या सोमवारी सांगितलं, की काका सरकारने पैसे नाही दिले तर कोर्टात जाता येतं, घटनेच्या ३०० व्या कलमात आहे, भारत सरकारवर दावा लावता येतो. काकांनी पासबुक उघडून नवीन एंट्री बघितल्या, चष्मा वर केला आणि म्हणाले, "कोर्ट पण सरकारचंच ना?"

मी म्हटलं नाही काका, ते वेगळं असतं. मग लाइनमधल्या पुढच्या बाईंनी चेक पुढे सरकवला.